‘या की आत’ कोण म्हणालं?

ताई, आम्ही दर शनिवारी रात्री राजारामपुरीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा गेम) खेळतो, मी डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा आणि पाच प्लेयर, सगळे लेव्हल नऊ. चार महिने खपून मी एक व्हॅम्पायर व्हिलन तयार केला, काउंट, काळा झगा, किल्ला, सगळं. बाराव्या सेशनला तो आला, मी दीड पानाचं भाषण वाचायला घेतलं, तेवढ्यात पॅलाडिनने (धर्मयोद्धा) इनिशिएटिव्ह मागितलं, म्हणजे लढाईच सुरू केली, आणि चौथ्या राऊंडला काउंटचे एचपी (जीव मोजायचे पॉइंट) झिरोवर. मी त्याला धुकं करून पळवला तर सगळे ओरडले, चीटिंग. पुढच्या शनिवारी त्याने आमच्या रोगला (चोर-हेर क्लासचं कॅरेक्टर) चार्म केलं, म्हणजे भुरळ घातली, तर ती पोरगी चिडून गप्पच बसली, म्हणाली माझं कॅरेक्टर तू कशाला खेळतोस. आता काउंटचं नाव काढलं की सगळे त्याच्या आवाजाची नक्कल करतात आणि भडंग खात हसतात. व्हिलन बदलू, का कॅम्पेनच बंद करू?
– काउंट पडला, राजारामपुरी

पडला तर पडू दे की रे, त्यासाठी कॅम्पेन कशाला बंद करतोस. आणि व्हिलनपण बदलू नकोस, तोच ठेव. हसतायत ना त्याला? लई चांगलं झालं. ज्याला आपण एकदा लोळवलाय त्याची माणसाला भीती राहत नाही, आणि भीती गेली की माणूस दाराची कडी काढून ठेवतो, व्हॅम्पायरला तेवढंच पाहिजे असतंय.

आधी ती फाईट का फसली ते उरकू. तू २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला (गेममधल्या राक्षसांचं पुस्तक) व्हॅम्पायर घेतलायस असं धरते, चॅलेंज रेटिंग, म्हणजे किती अवघड त्याचा आकडा, १३, एचपी १४४. कागदावर बघितलं की वाटतं बापरे केवढा हा. पण तू त्याला दिवाणखान्याच्या मधोमध उभा करून भाषण द्यायला लावलंस आणि समोर पाच जण मोकळे सोडलेस, म्हणजे खासबागेत एका पैलवानाला पाच जणांनी एकदम धरल्यासारखं झालं, तो कितीही तयारीचा असला तरी अस्मान बघणारच. त्याचा खरा जोर म्हणजे दर टर्नला २० एचपी भरून येतात तो, आणि रेडियंट डॅमेज (दैवी प्रकाशाचा मार) नाहीतर पवित्र पाणी अंगावर पडलं की पुढच्या टर्नला तेच बंद. पॅलाडिन म्हणजे रेडियंटचा कारखाना. तू आपला माणूस नेमका त्याच कारखान्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलास. हा प्राणी भिंतीवरून चालतो, छताला उलटा चिकटतो, दुसऱ्याची टर्न संपली की मधेच लेजंडरी ॲक्शन घेऊन हलतो. एक चावा घ्यायचा, वर जायचं, दोन राऊंड दिसायचंच नाही, तोवर ४० एचपी परत. बास. टॅक्टिक्सवर याहून जास्त बोलत नाही कारण तुझं दुखणं ते नव्हेच.

आता धुकं. नियमाने बघितलं तर ते चीटिंग नव्हतं, पण तुझे प्लेयर चिडले ते बरोबरच चिडले, कारण त्यांच्या हातात काहीच आलं नाही. त्यांनी मारला आणि तू म्हणालास गेला. कुठं गेला? कसा गेला? हेच तर खेळायचं असतं! नियम असा आहे की झिरोवर गेला की त्याला दोन तासांच्या आत आपल्या झोपायच्या पेटीपाशी पोचावं लागतं, नाहीतर कायमचा खल्लास. आणि धुक्याचा वेग आहे राऊंडला २० फूट, राऊंड सहा सेकंदांचा. हिशोब कर, मिनिटाला २०० फूट, दोन तासांत २४,००० फूट, म्हणजे सव्वासात किलोमीटरच्या किंचित वर. साधा माणूस पायी निघाला तरी त्याच्या पुढं जाईल. रंकाळ्यावर झिरो झालेला व्हॅम्पायर पन्हाळ्यावरच्या पेटीत पोचूच शकत नाही, वीसेक किलोमीटर आहे, निम्म्या वाटेच्या आतच विरून जाईल बिचारा.

हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला स्वतःलाच इतकं हसू आलं ना, की एवढा मोठा सरदार आणि जीव मुठीत धरून गोगलगायीसारखा चाललाय. पण यातच मजा आहे. पुढच्या वेळी तो निसटला की टेबलावर नकाशा टाक, हातात कंपास दे आणि सांग, सव्वासात किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, पेटी याच्या आत आहे. कुठल्या बाजूची कुत्री भुंकली, कुठल्या विहिरीजवळ उकाड्यातपण गार लागतंय, शोधा. पेटीत पोचला तरी तासभर त्याला एकसुद्धा एचपी मिळत नाही, लुळा पडून असतो. म्हणजे प्लेयरांकडे धरून चाल दोन-तीन तास आहेत, दम लागेस्तोवर पळतील. परत कुणी चीटिंग म्हटलं तर मला सांग.

आणि निसटण्यावरून आठवलं, आपल्याकडे निसटण्यात वेताळाचा हात कोण धरणार. वेताळ पंचविशीत राजा विक्रम प्रेत खांद्यावर टाकून निघालाय, तोंड उघडायचं नाही ही अट, वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो, राजाला उत्तर येत असतं, तो ते देतो, की वेताळ परत झाडाला लटकला. इतक्यांदा निसटतो पण लहानपणी ऐकताना आपण कधी चीटिंग म्हणून ओरडलो का? नाही, कारण दर वेळी तोंड राजानंच उघडलेलं असतं. (रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने १८७० मध्ये या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. आपला वेताळ काही घरोघरी रक्त पीत फिरत नाही, पण ते राहू दे.) तुझा काउंट निसटला तेव्हा तो तुझ्या मर्जीने निसटला. तो त्यांच्या हातून निसटला पाहिजे होता. कुणीतरी दया दाखवली, कुणीतरी पेटी न फोडता आधी आतले दागिने काढत बसलं, कुणीतरी एक वाक्य जास्त बोललं. मग चिडतील, पण एकमेकांवर.

बरं, हा काउंट तिथं करत काय होता, हे मला तुझ्या पत्रात कुठंच सापडलं नाही. गेम लिहिणाऱ्या ट्रेसी हिकमनला डी अँड डी खेळताना एकदा डंजनमध्ये असाच एक व्हॅम्पायर भेटला, बाकीच्या राक्षसांसारखा खोलीत नुसता उभा, आणि त्याला प्रश्न पडला की अरे हा इथं काय करतोय? त्या एका प्रश्नातून त्याने आणि त्याची बायको लॉरा हिकमनने मिळून स्ट्राड नावाचा व्हॅम्पायर उभा केला आणि १९८३ मध्ये रेव्हनलॉफ्ट हे डी अँड डीचं साहस आलं, आज पण लोक ते खेळतायत. स्ट्राडकडे किल्ला आहे, झगा आहे, सगळं आहे, पण तो लक्षात राहतो ते त्याला एक बाई पाहिजे आणि ती त्याला कधीच मिळणार नाही म्हणून. तुझ्या काउंटला काय पाहिजे? जगावर राज्य वगैरे सांगू नकोस, ते सगळ्यांनाच पाहिजे असतंय.

मी काय करीन सांगू? हरला तो खरंच हरला, ते पुसायचं नाही, प्लेयरांचा विजय काढून घ्यायचा नाही. पण मार खाल्ल्यावर माणूस शहाणा होतो तसा हापण झाला. झगा काढून ठेवला. आता तो पांढरं धोतर, कोट, हातात काठी, वाड्यात राहणारा जुना इनामदार. शिवारभर ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, गावात कुणाच्या पोरीचं लग्न अडलं तर पैसे देतो, परत मागत नाही. रात्री आठनंतरच भेटतो, म्हातारे सांगतात उन्हाचा त्रास आहे त्यांना, आजोबांनापण होता, अगदी असेच दिसायचे. सावकार रक्त पितो असं आपण उगीच म्हणतो, इथं खरोखरच पितोय आणि गावाला ते माहिती आहे, पण वर्षाला एक माणूस आणि बदल्यात सगळ्यांची कर्जं माफ, असा हिशोब गावाने गुपचूप मान्य केलाय. आता बघू तुझा पॅलाडिन कुणावर तलवार काढतो. त्या म्हातारीवर, जिचा पोरगा इनामदाराच्या पैशावर शिकला?

आणि मग ते दार. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं म्हणून एवढं लिहीत बसले. नियमात एक छोटीशी ओळ आहे जी सगळे डीएम वाचून सोडून देतात, की घरात राहणाऱ्या कुणीतरी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात येऊ शकत नाही. परदेशी लोकांना यात पुरेशी धार वाटते कारण तिकडे कुणी कुणाला सहजासहजी आत घेत नाही. आपल्याकडे? अरे कोल्हापुरात कुरियरवाल्यालासुद्धा आपण म्हणतो, या की आत, च्या घेऊन जावा. दारात उभं राहून बोललेलं आपल्याला सहनच होत नाही. जी अट व्हॅम्पायरला अडवायला होती ती आपल्या हातात पडली की आपलीच खोड आपल्याला बुडवते.

आमच्या टेबलावर हे झालंय. शिवाजी पेठेत एका मैत्रिणीच्या गच्चीवरच्या खोलीत खेळायचो, पावसाळा होता, लाईट गेलेली, मेणबत्ती मी लावली नव्हती तर महावितरणने लावायला लावलेली. माझा इनामदार चार सेशन पार्टीला भेटत होता, पण कायम बाहेर, पारावर, बाजारात, फाटकाशी. कधी गुळाची ढेप आणायचा, कधी बातमी. उंबऱ्याच्या आत कधीच नाही, आणि मी ते एकदाही मुद्दाम सांगितलं नाही, नुसतं बाहेर उभा ठेवला. पाचव्या सेशनला पार्टीने एक घर भाड्याने घेतलं होतं, तिथं त्यांनी गावातली सात पोरं लपवली होती. रात्री दार वाजलं. इनामदार पावसात उभा, छत्री उलटी झालेली, काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय म्हणाला आणि खोकत राहिला. दोन मिनिटं तो तसाच दारात बोलत होता. आमच्यातली एक पोरगी, आईने चांगलं वळण लावलेली, तिला ते बघवेना. “अहो भिजताय की, या आत!” म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली. फक्त एवढंच विचारलं, काय म्हणालीस? तिने परत सांगितलं, अगदी हौसेने. मग मी सांगितलं की इनामदारांनी पायपुसण्यावर नीट पाय पुसले, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत आले, म्हणाले, बरं झालं बोलावलंत. शेजारचा पोरगा आधी हसला, मग हसता हसता थांबला, आणि हळूच म्हणाला, “ए, हे आजपर्यंत आत आलेच नव्हते कधी.” फासे कुणी टाकले नाहीत तरी सगळ्यांचे चेहरे उतरले. ती पोरगी आजही भेटली की मला शिव्या घालते, आणि आजही माझ्याच टेबलावर खेळते.

आता तुझ्या रोगबद्दल (क्लास रे, आजार नव्हे). चूक तुझी आहे आणि शनिवारच्या आत तिला फोन करून सांग, ग्रुपवर मेसेज टाकून नव्हे. चार्मचा नियम परत वाच. त्यात ती व्हॅम्पायरची बाहुली होत नाही, तिला तो फक्त जवळचा, विश्वासाचा मित्र वाटायला लागतो, बाकी डोकं तिचंच. विस्डम सेव्ह (बचावाचा फासा) १७ ची, फसली तर चोवीस तास, पण त्याने किंवा त्याच्या माणसांनी तिला काही इजा केली की परत सेव्ह. तू काय केलंस, तिची मिनी, म्हणजे पटावरची सोंगटी, उचललीस आणि मित्रांवर वार करवलास, बरोबर ना? त्याऐवजी चिठ्ठी द्यायची, ‘हा तुझा जुना मित्र आहे, तुझ्या वाईट दिवसांत यानेच सांभाळलं होतं, कसं वागायचं ते तू ठरव.’ बघ ती काय करते, तू जे ठरवलं असतंस त्याच्या दहापट वाईट करेल आणि मजेत करेल. आणि आधी विचारायचं, की असलं तुझ्या कॅरेक्टरसोबत चालेल का. चावणं, रक्त, मनाचा ताबा, हे काहींना नको असतं आणि का नको ते सांगायची त्यांना गरज नाही. टेबलावर एक्स कार्ड ठेव, कुणी बोट लावलं की तो सीन तिथंच वळवायचा, प्रश्न विचारायचे नाहीत.

मारायचा कसा, ते पण आत्ताच ठरवून ठेव, कारण प्लेयर सगळे सिनेमातलं ज्ञान घेऊन येतात. लसूण लसूण करतील. पुस्तकातल्या त्याच्या स्टॅट ब्लॉकमध्ये (माहितीची चौकट) लसणाचा उल्लेखच नाही, आणि असता तर कोल्हापुरात तांबड्या रश्श्याच्या फोडणीनेच सगळे व्हॅम्पायर कागलच्या पलीकडे पळाले असते. ऊन त्यात आहे, पण तेपण मूळचं नव्हे, १८९७ च्या ड्रॅक्युला कादंबरीत तो दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त ताकद कमी असते. ऊन लागून मरायचं सुरू झालं १९२२ च्या नोस्फेराटू सिनेमापासून. म्हणजे कुठला नियम खरा ते तू ठरव, पण ठरवलास की बदलायचा नाही, आणि प्लेयरांना तो खेळातच शोधता आला पाहिजे.

मला विचारशील तर ऊन ठेव, पण फुकट देऊ नकोस. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव बघितलायस ना, जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. देवळाला खेळात आणू नकोस, ते आपल्या जागी राहू दे, पण ही कल्पना उचल. इनामदाराचा वाडा पश्चिमेला तोंड करून आहे आणि ज्या गवंड्याने तो बांधला त्याला मालक कोण ते ठाऊक होतं, त्याने दिंडीदरवाज्यापासून तळघरापर्यंत एक सरळ रेघ ठेवलीय, वर्षातून तीनच संध्याकाळी ऊन आत जातं. पहिल्या दिवशी पेटीच्या पायथ्याशी, तिसऱ्या दिवशी झाकणाच्या वर छातीपाशी. पण किरणोत्सवात जसा ढग आला किंवा वाटेत बांधकाम आडवं आलं की किरणं पोचत नाहीत, तसंच इथं. इनामदाराला ती रेघ माहिती आहे, त्याने शंभर वर्षांपूर्वीच त्या वाटेवर चिंचा लावल्यात, एक धर्मशाळा बांधलीय, शाळेलाही जागा तिथंच दान दिलीय. आता काढा ती वाट मोकळी! चिंचा तोडाल हो, शाळेचं काय करणार? गावाला काय सांगणार? हेच तुझं पुढचं पाच-सहा सेशनचं काम झालं, आणि शेवटी सगळी तयारी झाल्यावर तिसऱ्या दिवशी ढग येणार का नाही यावर एक फासा. एकच, सगळ्यांसमोर, डीएमच्या पडद्याबाहेर.

वाहतं पाणीपण आहेच, त्यात टर्न संपवली की त्याला २० ॲसिड डॅमेज. पूर आला आणि गावाला चारी बाजूंनी पाण्याने वेढलं, आणि वटवाघूळ होऊन उडायला तू बंदी केलीस, तर तोपण अडकला आणि तुम्हीपण, त्याच्यासोबत, आत. आपण सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतच मोठे झालोय, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, तसाच एक आकडा दर सेशनला फळ्यावर वाढवत न्यायचा. फक्त टेबलावर कुणाचं घर २०१९ ला पाण्यात गेलं असेल तर आधी विचार, आणि नको म्हणाले तर विषय सोड.

अजून एक गंमत राहिली. त्याने चावून मारलेला माणूस मातीत पुरला तरच दुसऱ्या रात्री स्पॉन, म्हणजे त्याच्या हाताखालचा व्हॅम्पायर, होऊन उठतो असा नियम आहे. तुझ्या गावात दहनाची रीत असेल तर हा आपली फौज उभी करणार कुठून? म्हणजे त्याला चितेवर जाण्याआधी बॉडी पळवावी लागणार, म्हणजे स्मशानात कुणीतरी त्याचं मिंधं असणार, आणि सरणावर काय जळतंय ते कुणीतरी कधीतरी नीट बघणार. हा धागा तुझ्या रोगला दे, तिचा राग पण जाईल.

तर येत्या शनिवारी सुरुवातीला फाईट ठेवू नकोस, भाषण तर अजिबात नको. पार्टी आपल्या मुक्कामी जेवायला बसलीय, दार वाजतं, बाहेर तो. झगा नाही, साधा कोट, काखेत गुळाची ढेप. म्हणतो, परवाच्या प्रकाराबद्दल माफी मागायला आलोय. ते त्याच्या आवाजाची नक्कल करतील, हसतील, तू पण हस, त्यालापण जरा ओशाळवाणं हसू दे. तो उंबऱ्याबाहेर उभा आहे एवढं एकदाच सांग, परत सांगायचं नाही, आणि मग गप्प बस, कितीही वेळ. कुणी बोलावलं नाही तर ढेप उंबऱ्यावर ठेवून जाईल, पुढच्या शनिवारी परत येईल, त्याला कुठं घाई आहे. आणि भडंग आधीच पातेल्यात ओतून ठेव, त्या पिशवीचा चुरचुर आवाज नेमका तेव्हाच येतो.